संज्ञांना वजन देणारा रसायनज्ञ

मोठा ‘सी’ आणि त्यापुढे लहान ‘ओ’ लिहिला की ती कोबाल्ट या धातूची संज्ञा होते. दोन्ही अक्षरे मोठी काढली की तेच कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे सूत्र ठरते. अशा चुकीसाठी गुण कापले गेले म्हणजे विद्यार्थ्याला तो शिक्षकाच्या काटेकोरपणाचा अतिरेक वाटतो. परंतु ज्याने ही लेखनपद्धती जगाला दिली, त्या योन्स याकोब बर्झीलियसचे चरित्र पाहिले म्हणजे या अक्षरांमागे केवढे श्रम उभे आहेत, हे ध्यानात येते.

बर्झीलियसचा जन्म २० ऑगस्ट १७७९ रोजी स्वीडनमधील एका खेड्यात झाला. तो चार वर्षांचा असतानाच त्याचे शिक्षक वडील वारले आणि पुढे थोड्याच वर्षांत मातृछत्रही हरपले. नातलगांच्या आश्रयाने वाढलेल्या या मुलाने शिकवण्या करून विद्याभ्यास चालविला. १८०२ मध्ये उप्साला विद्यापीठातून त्याने वैद्यकाची पदवी मिळविली आणि १८०७ मध्ये तो स्टॉकहोम येथे प्राध्यापक झाला.

विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले असता, मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणातच संयोग पावतात काय, या प्रश्नाने त्याला ग्रासले. १८०८ मध्ये डाल्टनने आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला होता. मात्र त्याला आधारभूत असणारी मोजमापे अद्याप कच्ची होती. ती पक्की करण्याचे काम बर्झीलियसने अंगावर घेतले. अनेक उपकरणे स्वतः घडवून त्याने सुमारे २,००० संयुगांचे पृथक्करण केले. १८१४, १८१८ आणि १८२६ या वर्षी त्याने सिद्ध केलेली अणुभारांची कोष्टके हे या तपश्चर्येचे फळ होय.

एवढी आकडेमोड नोंदवावयाची कशी, या अडचणीतून संज्ञा जन्मास आल्या. डाल्टन निरनिराळ्या खुणा केलेली वर्तुळे काढीत असे; ती लिहिण्यास जिकिरीची आणि छापण्यास त्याहून कठीण. बर्झीलियसने १८१३ मध्ये मूलद्रव्याच्या लॅटिन नावाचे आद्याक्षर घेण्याची पद्धत सुचविली. आद्याक्षर सारखे आल्यास नावातील आणखी एक अक्षर जोडावे, असा नियम केला. कार्बनला ‘सी’ मिळाला, तर तांब्याला ‘क्युप्रम’ या नावावरून ‘सीयू’. लोखंडाचा ‘एफई’ आणि सोडियमचा ‘एनए’ विद्यार्थ्यांना कोड्यात टाकतात, त्याचे कारण हेच. कोणत्याही एका देशाच्या भाषेचा त्यात वरचष्मा नव्हता.

परंतु या पद्धतीचे खरे मोल पुढेच आहे. बर्झीलियसच्या लेखी प्रत्येक संज्ञा मूलद्रव्याच्या एका अणूचे निश्चित वजन दर्शवीत असे. म्हणून सूत्र हे हिशेबाचे विधान झाले. डाल्टन पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू मानीत असे. वायूंच्या घनफळांवरून बर्झीलियसने दोन मानले, आणि तेच खरे ठरले. आज समीकरण जुळेना म्हणून विद्यार्थी पाण्याच्या सूत्रातील ऑक्सिजनपुढे हळूच दोनचा आकडा लिहितो, तेव्हा आकडे जुळतात, पण पाणी पाणी राहत नाही. ते हायड्रोजन पेरॉक्साइड होते. समीकरण जुळविण्याचा आकडा संपूर्ण सूत्राच्या आधी लिहावयाचा असतो. सूत्राच्या आतील आकडा प्रयोगाने ठरलेला असून तो बदलण्याचा अधिकार लेखणीला नाही.

नव्या संज्ञा लगेच रुजल्या नाहीत. खुद्द डाल्टनला त्या अखेरपर्यंत रुचल्या नाहीत. बर्झीलियसही अणूंची संख्या अक्षराच्या वरच्या अंगास लिही. ती खाली लिहिण्याचा प्रघात नंतर पडला. ऑक्सिजनसाठी टिंबे आणि दुहेरी अणूंसाठी आडव्या रेघा या त्याच्या युक्त्या काळाने टाकून दिल्या.

चुका त्याच्याही हातून घडल्या. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे, हे मत त्याने अनेक वर्षे नाकारले. पुरावा पटल्यावर मात्र, जुन्या सवयीने त्या वायूला ऑक्सिजनयुक्त आम्लाचे नाव देणाऱ्या आपल्या घरकाम करणाऱ्या ॲनाला, यापुढे क्लोरीनच म्हणावे, असे त्याने बजावले. ही हकीकत त्याचा शिष्य व्होलर याने नमूद केली आहे. उतारवयात मात्र संयुगांच्या विद्युत्‌रचनेविषयीच्या आपल्या सिद्धान्ताला तो चिकटून राहिला आणि तरुण रसायनज्ञांशी त्याचे खटके उडाले.

७ ऑगस्ट १८४८ रोजी त्याचे निधन झाले. सेरियम, सेलेनियम व थोरियम या मूलद्रव्यांच्या शोधांशी त्याचे नाव निगडित आहे. तथापि जगातील प्रत्येक शाळेच्या फळ्यावर त्याची आठवण रोज लिहिली जाते ती या अक्षरांनी. ती पाठ करून घेताना, प्रत्येक आकडा कोणीतरी तराजूवर तोलून मिळविला आहे, एवढे शिक्षकाने सांगितले, तर लहान-मोठ्या अक्षरांचा हा काटेकोरपणा विद्यार्थ्याला जाच वाटणार नाही.