पहिल्या पटावरचे सुलतान

गेल्या हिवाळ्यात शहापूर आणि मुरबाडच्या शाळकरी मुलांचा सांघिक बुद्धिबळाचा एक सामना मी पाहिला. तीन पट बरोबरीत सुटले. चौथ्यावर काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या मुरबाडच्या मुलीने डाव जिंकला आणि सामनाही. पहिली चाल पांढऱ्याची, म्हणून काळ्याचा विजय संघाला अधिक मोलाचा! तेव्हा मला मीर सुलतान खान यांची आठवण झाली.

सुलतान खान यांचा जन्म १९०५चा, पंजाबातल्या मिठा तिवाना गावचा. वडिलांनी त्यांना देशी बुद्धिबळ शिकवले. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. डाव हळूहळू उलगडतो, घाई चालत नाही. सर उमर हयात खान तिवाना या बड्या जमीनदाराच्या पदरी ते होते. मालकाबरोबर १९२९ साली लंडनला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेते झाले. पुढे १९३२ आणि १९३३ सालीही.

युरोपीय खेळाडू पुस्तकांतून सुरुवातीच्या चाली घोटून येत. सुलतान खान तिथे कच्चे. पण डाव लांबला की त्यांचा चिवटपणा प्रतिस्पर्ध्याला जड जाई. ऑलिंपियाडमध्ये ते इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसत. तिथे रंग आपल्या मर्जीचा नसतो आणि समोर प्रत्येक देशाचा अव्वल खेळाडू. १९३० साली हॅम्बुर्गला त्यांनी १७ डावांत ११ गुण मिळवले, पुढच्या वर्षी प्रागला साडेअकरा. प्रागला फ्लोर आणि रुबिनस्टाइन हरले, जगज्जेत्या अलेखिनशी बरोबरी झाली. इकडे मिठाचा सत्याग्रह पेटलेला आणि तिकडे एक हिंदी माणूस इंग्लंडसाठी गुण कमावतो आहे, हे मला आजही चमत्कारिक वाटते.

त्याच घरच्या नोकरवर्गातल्या फातिमाने १९३३ साली ब्रिटिश महिला विजेतेपद पटकावले, हेही जाता जाता सांगायला हवे.

त्याच वर्षाअखेर मालक मायदेशी परतले. सुलतान खानही परतले. खेळ ऐन भरात होता, वय अठ्ठावीस. १९३५ साली आपल्या वि. का. खाडिलकरांशी ते दहा डाव खेळले. खाडिलकरांना एकच बरोबरी मिळाली, बाकीचे नऊ डाव सुलतान खानांचे. त्यानंतर शेतीवाडी. १९५० साली जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर किताब सुरू केला, त्या यादीत त्यांचे नाव नव्हते. १९६६ साली ते सरगोध्यात वारले. मानद ग्रँडमास्टर किताब आला तो २०२४ साली.