सहा खटले झाले, तरी लेखणी थांबली नाही : कथाकार सआदत हसन मंटो

उर्दूतले मोठे कथाकार सआदत हसन मंटो यांच्यावर अश्लील लिहिल्याचे सहा खटले झाले. तीन इंग्रजांच्या राज्यात, तीन फाळणीनंतर पाकिस्तानात. लोक म्हणायचे हा माणूस घाण लिहितो. पण आज 70-75 वर्षांनंतरही त्यांच्या कथा वाचल्या जातात, मराठीतही त्यांचे अनुवाद आहेत. नुसतं चटकदार लिहिणारे त्या काळीही कमी नव्हते. त्यातले बहुतेक विसरले गेले, मंटो मात्र राहिले. असं का झालं, ते त्यांच्या आयुष्यातून आणि कथांतून कळतं.

उर्दूतच नापास

मंटो यांचा जन्म 11 मे 1912 रोजी पंजाबात, लुधियाना जिल्ह्यातल्या समराला इथं झाला. वडील न्यायखात्यात, स्वभावानं कडक. मुलाचं अभ्यासात लक्ष नव्हतं. पुढं ज्या भाषेत नाव कमावलं, त्या उर्दूतच ते मॅट्रिकला नापास झाले. अमृतसरला अब्दुल बारी अलीग या पत्रकारानं त्यांना वाचनाची गोडी लावली. मग फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो यांच्या पुस्तकाचा उर्दू अनुवाद करून त्यांनी लेखणी हातात घेतली.

मुंबईनं घडवलं

1936 च्या सुमारास मंटो मुंबईला आले. 'मुसव्विर' या सिनेमाच्या साप्ताहिकाचं संपादन केलं, सिनेमाच्या कथा लिहिल्या. 1939 साली सफिया यांच्याशी लग्न झालं. मधे दिल्लीला रेडिओवर नोकरी केली, तिथं शंभरावर नाटुकली लिहिली. दिल्लीतच त्यांचा तान्हा मुलगा गेला. 1942 मध्ये ते परत मुंबईला आले. अभिनेते अशोककुमार, श्याम हे त्यांचे दोस्त. 1954 साली आलेल्या आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणाऱ्या 'मिर्झा गालिब' सिनेमाची कथाही मंटोंचीच.

याच मुंबईत त्यांनी चाळी पाहिल्या, टांगेवाले पाहिले, दलाल पाहिले आणि वेश्यावस्तीतल्या बायाही पाहिल्या. ज्यांच्याकडं लोक रात्री जायचे आणि दिवसा बघायचेही नाहीत, त्या बायांना मंटोंनी कथेत नाव दिलं, स्वभाव दिला.

शरीराची गोष्ट की माणसाची?

'हतक' ही त्यांची कथा बघा. हतक म्हणजे अपमान. सौगंधी नावाची वेश्या आहे. रात्री एक शेठ मोटारीतून येतो, बॅटरीचा उजेड तिच्या तोंडावर मारतो, नाक मुरडतो आणि निघून जातो. एवढंच घडतं. पण तो नकार तिच्या काळजात घुसतो. पुण्याचा माधो प्रेमाचं नाटक करून तिच्याच पैशावर जगत असतो, त्याला ती त्या दिवशी हाकलून लावते. शेवटी जवळ उरतं ते खरुजलेलं कुत्रं. धंदा वेश्येचा, पण कथा बाईच्या अब्रूची.

'काली सलवार' मधली सुलताना अंबाल्याहून दिल्लीला येते. गिऱ्हाईक मिळत नाही, दागिने विकावे लागतात. मोहरम जवळ आलाय आणि तिला एकच काळजी आहे, काळी सलवार कुठून आणायची. सणाला नवं कापड मिळावं म्हणून झुरणारी ही बाई कुठल्याही गावच्या गरीब घरात सापडेल. या कथेवरही खटला झाला.

सगळ्यात मोठं वादळ उठलं ते 'ठंडा गोश्त' वर. मंटो जानेवारी 1948 मध्ये लाहोरला गेले होते. मार्च 1949 मध्ये ही कथा छापून आली. ईशरसिंग दंगलीत लुटालूट, खून करून बाईकडं परत येतो, पण त्याचं शरीर साथ देत नाही. दुसऱ्या बाईचा संशय येऊन ती चिडते आणि त्याच्यावर वार करते. मरता मरता तो कबूल करतो की एका घरातली माणसं मारून त्यानं मुलगी उचलली होती आणि ती आधीच मेलेली होती. कथेत पलंगावरचा प्रसंग उघडपणे लिहिलाय, हे खरं. पण तो काढला तर कथाच उरत नाही. खुनी माणसाच्या आतही काहीतरी जिवंत होतं आणि तेच त्याला खात होतं, हे दाखवायला तो प्रसंग लागतो.

कोर्टाच्या पायऱ्या

फाळणीआधीच्या तिन्ही खटल्यांतून मंटो अखेर सुटले. 'ठंडा गोश्त' साठी मात्र खालच्या कोर्टानं 3 महिने सक्तमजुरी आणि 300 रुपये दंड ठोठावला. सेशन्स कोर्टानं सोडलं. सरकार हायकोर्टात गेलं, तिथं कथा अश्लील ठरली आणि दंड कायम राहिला. कवी फैज अहमद फैज यांनी साक्ष दिली की कथा अश्लील नाही, मात्र साहित्य म्हणून ती फार वरच्या दर्जाची नाही. आपल्याच माणसांचं असं मत ऐकणं मंटोंना जड गेलं असेल. शेवटच्या खटल्यात कराचीच्या कोर्टानं 25 रुपये दंड केला.

या सगळ्यात घर खचलं. लाहोरात सिनेमाचं काम जवळपास नव्हतं, दारू वाढली, बायको आणि तीन मुलींचा संसार कथांच्या मानधनावर चालायचा. 18 जानेवारी 1955 रोजी लिव्हरच्या आजारानं मंटो गेले. वय अवघं 42. ज्या देशात खटले चालले, त्याच पाकिस्तानच्या सरकारनं 2012 साली, जन्माला 100 वर्षं झाल्यावर, त्यांना निशान-ए-इम्तियाज हा मोठा किताब दिला.

आज गावोगावी पोरंपोरी मोबाइलवर कथा लिहितायत, वेब सिरीज बघतायत. चार उघडे प्रसंग टाकले की लोक बघतात, हे सगळ्यांना कळलंय. मंटोंच्या कथा वाचल्या की एक साधी कसोटी हाती लागते. तो प्रसंग काढून बघायचा. काहीच बिघडलं नाही, तर तो नुसता मसाला होता. माणूस कळेनासा झाला, तर तो कथेचा भाग होता. सौगंधी, सुलताना आणि ईशरसिंग आजही लक्षात राहतात, ते याच्याचमुळं.