न जन्मलेल्यांचा पालनकर्ता

बँकेत असताना शेतीकर्जाच्या अर्जांबरोबर सातबाऱ्याचे उतारे यायचे. एखाद्या नावापुढे 'अ.पा.क.' असा शेरा दिसला की माझं पेन थांबे. अज्ञान पालनकर्ता! जमीन कसणारा काका समोर बसलेला असला, तरी खरा मालक अजून शाळेतलं पोर आहे. काकाने जमीन कसावी, राखावी. पण कोर्टाच्या परवानगीवाचून ती विकू नये की गहाण टाकू नये.

निवृत्तीनंतर जॉन म्यूरचं आयुष्य वाचत गेलो आणि हा शेरा पुन्हापुन्हा आठवू लागला. सरकारी डोंगर-रानांच्या कागदावरही तो हवा, यासाठीच हा माणूस उभा जन्म भांडला.

म्यूर १८३८ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनबार गावी जन्मला. अकरा वर्षांचा असताना घरच्यांबरोबर अमेरिकेत विस्कॉन्सिनला आला. बाप कर्मठ, हात उगारायला मागेपुढे न पाहणारा. दिवसभर शेतात राबायचं आणि पहाटे उठून लाकडाची घड्याळं, यंत्रं करत बसायचं, असं त्याचं पोरवय गेलं. यंत्रातच त्याचं नशीब उघडायचं, पण १८६७ मध्ये इंडियानापोलिसच्या कारखान्यात कानस निसटून त्याच्या उजव्या डोळ्यात घुसली. पाठोपाठ दुसऱ्या डोळ्याचीही दृष्टी गेली. काही आठवडे अंधाऱ्या खोलीत काढल्यावर दिसू लागलं, तेव्हा त्याने ठरवलं की, हे डोळे आता कारखान्यात घालवायचे नाहीत. मेक्सिकोच्या आखातापर्यंत तो सुमारे हजार मैल पायी गेला, वाटेत झाडंझुडपं गोळा करत. १८६८ मध्ये कॅलिफोर्नियात पोहोचला आणि सिएरा नेवाडाच्या डोंगरांत, योसेमिटीच्या दरीत, त्याचा जीव रमला.

पुढच्याच उन्हाळ्यात पोटासाठी तो मेंढपाळांबरोबर डोंगरावर गेला. कुरणातली लिलीची फुलं तो वहीत रेखाटी, तोवर मागून कळप येऊन सारं भुईसपाट करी. ज्या कळपाची चाकरी करतो तोच या रानाचा काळ आहे, हे त्याला तिथे उमगलं.

खरं तर योसेमिटीच्या कागदावर शेरा आधीच पडला होता. १८६४ मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकनने दरी आणि जवळची मारिपोसा राई कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली होती. अट एकच, जागा कायम लोकांच्या विरंगुळ्यासाठी राखायची. राईत सेक्वोयाचे महावृक्ष. हे झाड निसर्गतः सिएराच्या पश्चिम उतारावरच्या मोजक्या रायांतच वाढतं. काहींचं वय दोन-तीन हजार वर्षांचं. पण पालनकर्ता ढिला निघाला. दरीत हॉटेलं आली, कुरणं नांगरली गेली. १८८१ मध्ये तर एका महावृक्षाच्या बुंध्यात बोगदा कोरला, का तर पाहुण्यांची घोडागाडी आरपार जावी! पिढ्यान्‌पिढ्या लोक तिथे हौसेने फोटो काढत राहिले. १९६९ च्या हिवाळ्यात बर्फाच्या भाराने ते झाड कोसळलं.

म्यूरने लेखणी उचलली. त्याच्या लेखांचा मोठा वाटा असा की, १८९० मध्ये दरीभोवतीचा विस्तीर्ण प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. १८९२ मध्ये त्याने मित्रांसह सिएरा क्लब स्थापला. राखणीला घोडदळ आलं. पण घुसखोर मेंढपाळांना शिक्षा करण्याची तरतूदच कायद्यात नव्हती. मग सैनिकांनी युक्ती काढली. मेंढपाळाला उद्यानाच्या एका टोकाला बाहेर काढायचं आणि मेंढ्यांना दुसऱ्या! कळप शोधण्यातच त्याचा हंगाम सरे.

१९०३ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट तीन रात्री म्यूरबरोबर उघड्यावर राहिले. पहिली रात्र मारिपोसा राईत गेली, दुसऱ्या रात्री अंगावर बर्फ पडला. १९०६ मध्ये दरी आणि राई राज्याकडून केंद्राकडे आली.

मात्र शेवटचा डाव तो हरला. उद्यानातच हेच हेची नावाची दुसरी देखणी दरी होती. सान फ्रान्सिस्कोला पाणी हवं होतं. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत शहर होरपळल्यावर मागणीला जोर आला. गरज खोटी नव्हती. पण पाणी दुसरीकडून आणता येईल, हे म्यूरपक्षाचं म्हणणं टिकलं नाही. डिसेंबर १९१३ मध्ये धरणाचा कायदा झाला. बँकेच्या भाषेत, कोर्टानेच गहाणखताला परवानगी दिली. वर्षभराने, २४ डिसेंबर १९१४ रोजी म्यूर न्यूमोनियाने गेला.

या हिशेबात एक नोंद लाल शाईने करायला हवी. म्यूर येण्याआधीच, १८५१ मध्ये, सशस्त्र तुकडीने दरीतल्या मूळ अहवाहनीची लोकांना हुसकावलं होतं. ज्या रानाला तो अस्पर्श समजे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं नांदत होती. त्यांच्याविषयी त्याने हिणकस लिहिलं. २०२० मध्ये सिएरा क्लबनेही आपल्या संस्थापकाचा हा दोष जाहीरपणे मान्य केला. वारस शोधताना त्याची नजर आधीच्या मालकांवरून घसरली.

म्यूरला वाटे, लोकांनी डोंगरात यावं. लोक आले, लाखोंनी. मोटारींच्या आणि पावलांच्या भाराखाली राईतली माती घट्ट झाली. सेक्वोयाची मुळं उथळ पसरतात, ती गुदमरू लागली. शेवटी २०१५ ते २०१८ राई बंद ठेवून महावृक्षांजवळचा वाहनतळ आणि डांबर उखडलं. आता पाहुण्यांच्या गाड्या दूर थांबतात. राखणं म्हणजे कुंपण घालून मोकळं होणं नव्हे, तर आपल्याच माणसांना थोडं मागे सरा म्हणणं, हे कळायला दीडशे वर्षं लागली.

आपल्या साताऱ्याजवळचं कास पठार पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. तिथेही खडकावरच्या वीतभर मातीत चार दिवसांची फुलं आणि त्यांवर तुटून पडणारी गर्दी. म्हणूनच रोजच्या पर्यटकांचा आकडा ठरवावा लागला. एका भाद्रपदात नातीला घेऊन गेलो होतो. फोटोच्या नादात माझा पाय वाटेबाहेर पडला. राखणदाराची शिट्टी वाजायच्या आत नातीने सदरा धरून मला मागे ओढलं. मी ओशाळलो. जमिनीच्या मालकिणीने पालनकर्त्याला पकडलं होतं.