खलपुरुषाला माणसाचा चेहरा देणारे बाबूराव पेंटर

दुष्ट माणसाचे चित्र काढणे सर्वांत सोपे, असा आपला सर्वसाधारण समज आहे. वटारलेले डोळे, झुपकेदार मिशा, दात बाहेर आलेले तोंड आणि हातात तलवार एवढे काढले की खलपुरुष तयार! चित्रकथांच्या पुस्तकांत हीच रीत, गावातल्या सोंगांतही हीच रीत. अशा दुष्टाची भीती पान उलटेपर्यंत टिकते. पान उलटल्यावरही जो मनातून जात नाही, तो खरा खलपुरुष. असा खलपुरुष रंगविण्यासाठी जन्मभर धडपडलेला एक कलावंत महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव कलामहर्षी बाबूराव पेंटर.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घराणे कारागिरांचे. वडील कृष्णराव लाकूड, लोखंड, दगड या सर्वांत हात चालणारे. बाबूराव कुठल्याही कलाशाळेत गेले नाहीत. चित्रकला आणि शिल्पकला ते स्वतःच शिकले. आतेमामे भाऊ म्हणा की सख्ख्याहून सख्खे म्हणा, आनंदराव हे त्यांचे जोडीदार होते. दोघे मिळून संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. त्या पडद्यांची कीर्ती एवढी झाली की मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना सिनेमाचे वेड लागले. कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, तेव्हा तो स्वतःच बनवायचा असे ठरले. १९१६ मध्ये आनंदराव वारले. तरी बाबूरावांनी जिद्द सोडली नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून त्यांनी कॅमेरा पुरा केला. तानीबाई कागलकर या गायिकेने पैशाचे पाठबळ दिले आणि कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

कंपनीचा पहिला मूकपट ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. त्यातला खलपुरुष कीचक. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नाटकातल्या खलपुरुषाला आवाज असतो. तो गडगडाटी हसतो, धमक्या देतो. मूकपटातला खलपुरुष मुका असतो. त्याला जे काही भय निर्माण करायचे ते देहाने, डोळ्यांनी आणि उजेड-सावलीनेच. म्हणजे त्याची अवस्था छापील चित्रातल्या खलपुरुषासारखीच. म्हणून हे काम चित्रकारालाच अधिक साधले, असे मला वाटते. बाबूराव चित्रीकरणापूर्वी प्रसंगांची रेखाटने काढीत. कोण कोठे उभा राहील, वेष कसा असेल, हे आधी कागदावर ठरे. पुढे आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत.

‘सैरंध्री’मधला भीमाने केलेला कीचकाचा वध इतका हुबेहूब उतरला की प्रेक्षक हादरले, आणि ते दृश्य पुढे कापावे लागले. याच विषयावरचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंद पाडले होते, कारण लोकांना त्या कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. कीचक हा नुसता पुराणातला दुष्ट राहिला नव्हता, हे त्या काळच्या प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

१९२३ साली हरिभाऊ आपटे यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ आला. त्यात बाबूरावांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. तोपर्यंतचा सिनेमा सूर्यप्रकाशावर जगत होता. भरदुपारी कोणताही दुष्ट अर्धाच दुष्ट वाटतो. काळोख असेल तरच त्यातून पुढे येणाऱ्या चेहऱ्याची धास्ती वाटते. पडदे रंगवताना छायाप्रकाशाचे जे गणित त्यांनी हाताने सोडविले होते, तेच त्यांनी आता दिव्यांनी सोडविले.

मात्र त्यांची खरी थोरवी १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये आहे. कथा साधी. एका गरीब शेतकऱ्याची जमीन सावकार खोट्या कागदपत्रांच्या आधारे बळकावतो आणि तो शेतकरी गाव सोडून शहरात गिरणी कामगार होतो. शेतकऱ्याचे काम तरुण व्ही. शांताराम यांनी केले होते. अंधारी झोपडी आणि तिच्यापाशी रडणारा कुत्रा, एवढ्या चित्राने पाहणाऱ्यांच्या काळजाला घरे पडली, असे वर्णन वाचावयास मिळते. येथे कीचकाचा आडदांड देह नाही, तलवार नाही, कोणाचे मुंडके उडत नाही. येथे शस्त्र आहे ते कागद. त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही, त्यामुळे तो सावकार मला पाहता येणार नाही.

पण मला तो ओळखता येतो. आमच्या घरचे पाच एकर वावर माझ्या आजोबांच्या काळी गहाण पडले ते सुटलेच नाही. आजोबांचा अंगठा ज्या कागदावर उमटला, त्यावर काय लिहिले होते हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. आजी सांगते की तो सावकार मोठा गोडबोल्या होता. घरी आला की पोरांच्या हातावर गूळ ठेवायचा. त्याच्या चेहऱ्यावर दुष्टपणाची एकही रेघ नव्हती. चांदूर बाजारच्या या महाविद्यालयात शिकायला आलेला मी आमच्या घराण्यातला पहिलाच. मिशा आणि सुळे काढून जो दुष्ट दाखवता येतो, त्याच्यापासून कोणीही सावध राहील. गूळ देणाऱ्यापासून सावध राहायला अक्षर यावे लागते. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा झाला, तोही शेवटी कागदच आहे. तो वाचणारा घरात असला तरच त्याचा उपयोग.

‘सावकारी पाश’ धंद्याच्या दृष्टीने चालला नाही. पुराणातल्या चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकाला आपल्याच घरचे दुःख तिकीट काढून पाहणे रुचले नसावे. बाबूराव पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडे वळले. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर ही शिष्यमंडळी बाहेर पडली व त्यांनी ‘प्रभात’ कंपनी काढली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही. तरीही १९३६ मध्ये बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, या वेळी बोलपट म्हणून. एकदा पडलेला विषय अकरा वर्षांनी पुन्हा हाती घेणे हे धंद्याचे गणित नव्हे. ती त्या विषयावरची निष्ठा होती. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापूर येथेच त्यांचे निधन झाले.

आपल्यापैकी अनेकजण भित्तिपत्रकांसाठी, स्नेहसंमेलनाच्या पडद्यांसाठी चित्रे काढतात. खलपुरुष काढावयाची वेळ आली तर मित्रांनो, आधी त्याचे दात काढू नका. तो कोणाचे काय हिरावून घेतो ते पाहा, आणि ज्याचे गेले त्याची झोपडी नीट काढा. कीचकापासून सावकारापर्यंतच्या पाच वर्षांत बाबूराव पेंटर हेच शिकले, आणि शाळेत न जाताही आपल्याला शिकवून गेले.