दोष एकट्या ऋणकोचा नव्हे

सनदी परीक्षेत दुसरा क्रमांक पटकावून जॉन मेनार्ड केन्स १९०६ साली लंडनच्या इंडिया ऑफिसात रुजू झाले. हिंदुस्थानात त्यांनी कधीच पाऊल ठेवले नाही. पण दोन वर्षांच्या त्या नोकरीतून रुपयाचा प्रश्न त्यांच्या अभ्यासात आला आणि १९१३ साली भारतीय चलनावरील ग्रंथाने त्यांचा लौकिक झाला. विनिमय दराचा भार अखेर कोणाच्या शिरावर पडतो, हा प्रश्न त्यांनी जन्मभर सोडला नाही.

१९२५ साली अर्थमंत्री चर्चिल यांनी पौंड युद्धपूर्व ४.८६ डॉलर या भावाने पुन्हा सोन्याशी जोडला. केन्स यांच्या मते हा भाव सुमारे १० टक्के चढा होता. ब्रिटिश कोळसा परदेशात महागला, खाणमालकांनी मजुरी कापू पाहिली आणि १९२६ चा सार्वत्रिक संप झाला. पुढे महामंदीत, सप्टेंबर १९३१ मध्ये, ब्रिटनला सुवर्णपरिमाण सोडावेच लागले. मग अनेक देशांनी चलने स्वस्त केली, जकाती वाढवल्या आणि आपली बेकारी शेजाऱ्याच्या दारात लोटली.

यातून केन्स यांनी काढलेला निष्कर्ष साधा होता. तुटीच्या देशाला गंगाजळी आटताच खर्च छाटावा लागतो. शिलकीच्या देशावर मात्र कसलीच सक्ती नसते. परिणामी जगाची एकूण मागणीच घटते. म्हणून १९४१ पासून आखलेल्या योजनेत त्यांनी ‘बँकॉर’ हे हिशेबाचे आंतरराष्ट्रीय चलन सुचवले आणि मर्यादेबाहेरच्या तुटीप्रमाणेच शिलकीवरही आकार ठेवला.

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वूड्सला ४४ राष्ट्रे जमली. तेव्हाचा सर्वांत मोठा धनको असलेल्या अमेरिकेला असा आकार मान्य नव्हता. तो वगळूनच नाणेनिधी आकाराला आला. त्याच परिषदेत, चिंतामणराव देशमुख ज्याचे सदस्य होते त्या भारतीय शिष्टमंडळाने, ब्रिटनकडे अडकलेल्या पौंडांच्या शिलकीचा प्रश्न मांडला. येथे भारत धनको होता आणि केन्स ऋणकोचे वकील. हा उभय देशांतील मामला आहे, असे सांगून त्यांनी तो निधीच्या कक्षेबाहेर ठेवला. २१ एप्रिल १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

२००८ च्या मंदीनंतर बँकॉरची आठवण काढली ती चीनच्या मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांनी, मार्च २००९ मध्ये. २०१० साली जी-२० गटात तूट आणि शिलक या दोहोंना मर्यादा घालण्याचा आग्रह धरला तो आता ऋणको झालेल्या अमेरिकेने. विरोध केला तो शिलकीतल्या चीन व जर्मनीने. बाजू बदलल्या, युक्तिवाद तेच राहिले. केन्स यांचा नियम सर्वांना पटतो. मात्र आपली शिलक संपल्यावरच.