साडेबारा हजार किलोमीटर आणि डॉ. आनंदीबाई जोशी



मुंबईहून अमेरिकेला विमानाने किती वेळ लागतो, असे भूगोलाच्या तासाला मुले आम्हाला विचारतात. मुंबई ते न्यूअर्क हे अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. थेट विमानाला 15 ते 16 तास लागतात. तेथील घड्याळ आपल्या साडेनऊ ते साडेदहा तास मागे असते. म्हणून मध्यरात्री मुंबईहून निघालेला प्रवासी त्याच दिवशी सकाळी तेथे उतरतो.

न्यूअर्कच्या विमानतळाजवळच रोझेल नावाचे गाव आहे. 1883 साली अठरा वर्षांची एक मराठी मुलगी त्या गावी गेली. तिची आज आपण ओळख करून घेऊ.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टात नोकरीस असलेल्या गोपाळरावांशी विवाह झाला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला. पण योग्य उपचार न मिळाल्याने तो दहा दिवसांतच गेला. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

गोपाळरावांची बदली आपल्या शेजारच्या कोल्हापुरास झाली होती. तेथे पूर्वी काम केलेल्या वाइल्डर या मिशनऱ्यांना त्यांनी पत्र लिहिले. ते पत्र अमेरिकेतील मासिकात छापून आले आणि रोझेलच्या कार्पेंटरबाईंनी ते वाचले. त्यांनी आनंदीबाईंना आपल्या घरी आधार दिला.

7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाई पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या. सुएझमार्गे इंग्लंड, तेथून अटलांटिक महासागर ओलांडून 4 जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. एकूण 58 दिवस! समुद्र ओलांडणे तेव्हा अधर्म मानले जाई. समाजाची नाराजी पत्करूनच त्या गेल्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या शिकल्या. थंडी आणि क्षयाने प्रकृती खालावली, तरी 11 मार्च 1886 रोजी त्यांनी पदवी मिळवली. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे काम त्यांना देऊ केले. वर्षअखेरीस त्या मायदेशी परतल्या, परंतु 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे एकवीस.

दोन महासागरांपलीकडचा प्रवास त्यांनी पूर्ण केला. पुणे ते कोल्हापूर हे सुमारे 230 किलोमीटर मात्र राहूनच गेले. आपण निपाणीवरून अडीच-तीन तासांत कोल्हापूर गाठतो. तेथे त्यांची वाट पाहणाऱ्या रुग्ण स्त्रियांना त्या कधीच भेटू शकल्या नाहीत.

आज वाट सोपी झाली आहे. आपल्या शाळेतील मुलीही दूर देशी शिकायला जातील. पालकहो, मुलगी पुढे शिकायचे म्हणाली, तर अंतर किती, हे आधी विचारू नका. कशासाठी जायचे, ते विचारा. आणि तिच्या प्रकृतीकडे लक्ष द्या, एवढीच आमची विनंती.