नोकरी सोडली, प्रेस उभा केला : पुण्याचे विष्णुशास्त्री चिपळूणकर

मागच्या वर्षी एका अ‍ॅपने माझं पेज रातोरात बंद केलं. तीन वर्षांच्या पोस्ट गेल्या आणि कारण विचारायला समोर माणूसच नाही! तेव्हापासून मला आपल्या पुण्यातले एक मास्तर सारखे आठवतात. ‘केसरी’ म्हटलं की आपण टिळकांचं नाव घेतो, पण त्या सुरुवातीत हे मास्तरही होते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा जन्म २० मे १८५० चा, पुण्यातच. वडील कृष्णशास्त्री नामांकित विद्वान. विष्णुशास्त्री १८७२ मध्ये बी.ए. झाले, पुढे सरकारी हायस्कूलात शिक्षक. इंग्रज लेखक जॉन्सन त्यांचा आवडता. त्याच्या ‘रासेलस’चं वडिलांनी अर्धवट सोडलेलं भाषांतर त्यांनीच पूर्ण केलं.

जानेवारी १८७४ मध्ये त्यांनी ‘निबंधमाला’ हे मासिक काढलं. आजच्या भाषेत वन-मॅन न्यूजलेटरच म्हणा ना! भाषा, इतिहास, पुस्तकांची चिरफाड, राजकारण, जवळजवळ सगळं एकटे लिहायचे. असे ८४ अंक निघाले. मराठी निबंधाला धार आली ती इथे. पण ही धार कधीकधी नको तिथेही चालली. जोतीराव फुल्यांच्या मराठीची त्यांनी व्याकरणावरून टर उडवली. मुद्दा बाजूला ठेवून शुद्धलेखनावर ट्रोल करणारे आजही असतातच. मला ते अंक वाचताना वाईट वाटतं.

सरकारी नोकरीत राहून सरकारवर लिहिणं किती दिवस चालणार? त्यांची रत्नागिरीला बदली झाली. लिखाणामुळेच झाली, असं मानतात. १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पगार बंद!

यानंतरची दोन-तीन वर्षं बघा. १ जानेवारी १८८० ला टिळकांसोबत न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. छपाईसाठी आर्यभूषण छापखाना, आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’. म्हणजे कंटेंट आपला आणि सर्व्हरही आपलाच. त्याआधी १८७८ मध्येच चित्रशाळा निघाली होती, रंगीत चित्रं छापणारी. तंत्र होतं शिळाछापाचं. सपाट दगडावर तेलकट शाईने उलटं चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि शाईचा रोलर फिरवायचा. पाणी आणि तेल एकत्र येत नाही, त्यामुळे शाई फक्त चित्रावरच बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एक दगड केसभर सरकला तरी देवाचं नाक गालावर!

(तुमच्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये डेटा डाउनलोड करायची सोय आहे का, ते आजच बघून ठेवा. मी बघितलं नव्हतं.)

१७ मार्च १८८२ ला विष्णुशास्त्री गेले. वय फक्त ३१. ‘केसरी’ तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाचा. ‘आमच्या देशाची स्थिती’ हा त्यांचा शेवटचा मोठा निबंध सरकारला इतका झोंबला की १९१० मध्ये, लेखक जाऊन २८ वर्षं झाल्यावर, त्यावर बंदी आली. ती उठली १९३७ मध्ये.